मृत्यूचा पराभव आणि मूठभर मोहरी

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात मोहरीची पोती पाहिली की आम्हांस किसा गोतमीचे स्मरण होते. मृत बालक कडेवर घेऊन, ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी शोधीत ती श्रावस्तीत दारोदार फिरली. मोहरी घरोघर होती. अट कोठेच पुरी होईना. तथागतांनी मूल उठविले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' वाचताना हाच प्रसंग मनात होता. १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापलेले हे मराठी ओवीबद्ध काव्य शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, पुण्यातून देवनागरीत आणले. येशू तिसऱ्या दिवशी उठला, आणि अखेरीस मृत्यूचाच पराभव होईल, ही त्यातील श्रद्धा. तिला घाईने हसणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्या देहाचा विटाळ मानला तोच देह ईश्वर उठवील, हे वचन अस्पृश्याला केवढे मोलाचे वाटले असेल! मात्र या काव्यात शंका विचारणारा ब्राह्मण आहे. महार-मांगाचा प्रश्न पाद्रींपुढे येतच नाही. शिवाय पुनरुत्थान व्हावयाचे ते युगान्ती. तोवर तामिळनाडूत, तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत, दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उभी राहिलीच.

मृत्यूला शत्रू ठरविले की तृष्णेची चौकशी राहून जाते, हा आमचा मुख्य आक्षेप. गोतमीला दारोदारी आपल्यासारख्याच शोकाकुल आया भेटल्या. तिने मूल स्मशानात ठेवले, आणि ती परतली ती प्रव्रज्या मागावयास.