घंटेच्या दोन कथा

भीमाशंकरच्या देवळापाशी एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तशीच दुसरी वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर. तिच्यावर बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृती आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिकडच्या चर्चमधील घंटा अशा देवळोदेवळी गेल्या.

ह्या युद्धावरील मराठी लेखनात आम्हांला बहुधा दोनच साचे आढळतात. विजयदिनाची भाषणे व गौरवग्रंथ घंटेला धर्मयुद्धाची निशाणी मानतात. आमच्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांत तीच घंटा लुटीची खूण ठरते. दोन्हीकडच्या लेखकांपुढे १७३९ सालापेक्षा आजचा श्रोता अधिक उभा असतो.

पहिल्या साच्यातून काय गळते? वसईच्या तहाने पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह जाऊ दिले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. पुढे १७९२ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशव्यांच्या फौजेतील कॅथलिकांसाठी पुण्यात जागा मिळाली. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च त्या दानाची साक्ष देते. धर्मयुद्धाच्या कथेत हे दान बसत नाही, म्हणून ते वगळले जाते.

दुसऱ्या साच्यातून गळते ते आम्हांला अधिक बोचते. पोर्तुगीज अमलात पाडलेली देवळे, अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती करण्याचे फर्मान, अंजूरच्या नाईक बंधूंनी पेशव्यांकडे नेलेले गाऱ्हाणे, ह्यांविषयी आमच्या स्मरणिका सहसा मौन पाळतात. चर्चच्या कमानींचे वर्णन मात्र पानेच्या पाने चालते. मग वसईची मोहीम मुळात का निघाली, हे वाचकाला कळावे कसे?

पापनिवेदनासाठी गुडघे टेकणारा मनुष्य शेजाऱ्याची पापे सांगत बसत नाही. इतिहास लिहिणाऱ्यालाही तीच शिस्त हवी. उद्या एखाद्या सभेत आपल्या मुलांना कोणी फिरंग्यांचे वारस म्हणून हिणवले, तर त्यांना १७९२चे दान ठाऊक असावे. आणि पाडलेल्या देवळांची कबुलीही त्यांनी न अडखळता द्यावी. कबुली देणाऱ्याचीच साक्ष लोक ऐकतात. आगामी स्मरणिकांच्या संपादकांनी एवढे एक पान राखून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.