कृतज्ञताभाव, मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्यातील
ईश्वरी अनुग्रहाबद्दलची कृतज्ञता हा ख्रिस्ती उपासनेचा मूलाधार होय. प्रभुभोजनाच्या विधीस प्राचीन काळापासून रूढ असलेल्या ‘युखारिस्तिया’ या ग्रीक संज्ञेचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. या कृतज्ञतेस परतफेडीचे रूप मात्र नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तारण हे पुण्याचे फळ नसून देणगी आहे; ते फेडता येत नाही, केवळ ओळखता येते. लूककृत शुभवर्तमानात बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच, तोही यहुद्यांना परका असा शोमरोनी, आभार मानण्यास परततो. आरोग्य दहाही जणांस लाभले. दाता एकालाच गवसला, असा या कथेचा रोख आहे.

मराठीत हा भाव समर्थपणे प्रकटला तो नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांत व पदांत. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या उपासनेत त्या काळी इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर गाइली जात. टिळकांनी अभंगाची वाट धरली आणि तीबरोबर वारकरी संतांची शब्दकळाही आली. ‘उतराई’ हा तिच्यातील कळीचा शब्द. त्यात ऋणाची कल्पना गृहीत आहे. मग कृपेच्या सिद्धांताशी तिचा मेळ कसा बसावा, हा प्रश्न उरतोच. संतांनीच तो अर्धा सोडवून ठेवला होता, कारण त्यांच्या अभंगांत उतराई होता येत नाही याचीच कबुली असते. टिळकांनी ख्रिस्ताला माउली व गुरू म्हटले, तेव्हा उरलेला अर्धाही सुटला. आईच्या उपकारांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

जेथे हे नाते बोलते, तेथे टिळकांची रचना अकृत्रिम व उत्कट होते. जेथे सृष्टीतील देणग्यांची गणना सुरू होते, तेथे ती प्रवचनाकडे झुकते. याहून मोठी उणीव वेगळीच आहे. बायबलातील स्तोत्रकर्ता बावीसाव्या स्तोत्रात परित्यक्ततेच्या आक्रोशातून उपकारस्तुतीकडे जातो. तुकारामही विठ्ठलाशी भांडतात. टिळकांच्या भक्तिपर रचनेत ओढ आहे, भांडण जवळजवळ नाही. त्यामुळे त्यांची कृतज्ञता कधीकधी कसोटीस न लागलेली वाटते. त्यांचे आयुष्य मात्र तसे नव्हते. धर्मांतरानंतर काही वर्षे कुटुंबाचा वियोग त्यांनी सोसला होता आणि १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

काव्यात न उतरलेली ही बाजू लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे (पहिला भाग १९३४) या आत्मचरित्रात आढळते. पतीच्या लहरी, दारिद्र्य आणि विस्कटलेला संसार यांची गाऱ्हाणी तेथे हसतहसत मांडलेली आहेत व देवाचे आभारही त्याच सुरात आहेत. टिळकांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य पुढे त्यांनीच पूर्ण केले.