विकाऊ काळेपण आणि पुसलेले पान

कलाकृतीचे जतन म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे आजवर देवळे, शिल्पे आणि पोथ्या यांच्याच संदर्भात विचारला गेला. ज्यांना पोथीला हात लावण्याचीच बंदी होती त्यांच्या कलेचे काय झाले, हे कुणी विचारले नाही. आज इंटरनेटवर निर्माण होणाऱ्या कलेच्या जतनाची चर्चा पाश्चात्त्य देशांत चालू आहे. तंत्रज्ञांच्या या चर्चेशी आपला काय संबंध, असे आपल्यातले काही मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. एका कलाकृतीच्या आधारे मी माझे म्हणणे मांडतो.

ऑगस्ट २००१ मध्ये कीथ ओबादिके या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताने ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर आपले ‘काळेपण’ विक्रीला काढले. कृतीचे नाव ‘ब्लॅकनेस फॉर सेल’. मालाचे वर्णन करावे तसे त्याने काळेपणाचे फायदे सांगितले आणि इशारेही दिले. नोकरी शोधताना, कोर्टकचेरीत, मतदान करताना हा माल वापरू नये, असे ते इशारे होते. लिलाव दहा दिवस चालायचा होता. चार दिवसांत बारा बोली लागल्या, किंमत १५२.५० डॉलरपर्यंत गेली आणि अनुचित ठरवून ईबेने तो लिलाव बंद केला.

आज ही कृती कुठे आहे? त्या पानाची प्रत कलावंताने स्वतः सांभाळली. नेटकलेचे जतन करणाऱ्या न्यूयॉर्कच्या रायझोम या संस्थेने २०१६ पासून शंभर नेटकृतींचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात तिला स्थान दिले. हे काम मोठे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही माझा एक आक्षेप आहे.

इंटरनेटवरील कलेला दोन प्रकारचे मरण असते. एक यंत्राचे. ३१ डिसेंबर २०२० नंतर अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्या तंत्रावर उभ्या असलेल्या असंख्य कृती मुक्या झाल्या. यावर उपाय आहे. जुन्या यंत्राची नक्कल नव्या यंत्रात उभी करता येते, फ्लॅशसाठी रफल नावाचा प्रोग्राम तेच करतो. दुसरे मरण मालकाच्या हातचे. जागा त्याची, नियम त्याचे. त्याने पान पुसले की कृती संपली. यावर कोणताही प्रोग्राम उपाय करू शकत नाही. जतनाच्या चर्चेत पहिल्या मरणाला जेवढी जागा मिळते तेवढी दुसऱ्याला मिळत नाही, आणि उपेक्षितांच्या वाट्याला दुसरेच अधिक येते.

ओबादिकेची कृती केवळ त्या मजकुरात नव्हती. ज्या विभागात त्याने आपला माल मांडला, तिथे संग्राहकांसाठी कृष्णवर्णीयांची विटंबना करणाऱ्या जुन्या वस्तूही विकल्या जात. त्या बाजारात एक काळा माणूस स्वतःच विक्रेता म्हणून उभा राहिला, हे त्या कृतीचे मर्म. विटंबना खपत होती. विटंबनेचा हिशेब मांडणारा मात्र बाहेर काढला गेला. म्हणून ती हकालपट्टी हा कृतीचा शेवटचा अंक आहे. नुसती पानाची प्रत पाहणारा आजचा वाचक सुरक्षित अंतरावरून हसतो. बाजूचा बाजार, लागलेल्या बोली आणि पुसणारा हात यांची नोंद प्रतीला जोडलेली नसेल, तर जतन झाले ते कवच. आतले दुखणे गेले.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. आंबेडकरी जलशांची पदे काही प्रमाणात छापली गेली. पण पद म्हणजे जलसा नव्हे. गावकुसाबाहेर रात्र रात्र बसलेली माणसे आणि गावाच्या विरोधाचे भय हे सगळे मिळून जलसा होता. भीमराव कर्डकांनी १९७८ साली जलशांचे स्वरूप आणि कार्य यांवर पुस्तक लिहिले म्हणून त्यातले काही हाती राहिले. ते काम विद्यापीठाने नव्हे, जलसाकाराने केले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

येथे एक सावधगिरी हवी. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, तरी वंश आणि जात एक नव्हेत. ओबादिकेचा लिलाव झोंबतो, कारण अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा लिलाव खरोखर झाला होता. जातीचा अपमान बोली लावून होत नाही. तो विटाळ मानून, दूर ठेवून होतो. त्याची नक्कल न करता आपले रूप आपणच शोधले पाहिजे.

आणि ती रूपे निर्माण होतही आहेत. नाट्यगृहाची पायरी न चढलेल्या कितीतरी मुलामुलींनी टिकटॉकवर आपली कला दाखवली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने एकोणसाठ अ‍ॅपवर बंदी घातली आणि ते सारे इथल्या प्रेक्षकांच्या दृष्टीआड झाले. त्या निर्णयाची कारणे काहीही असोत, त्या कलेची नोंद कुणी ठेवली?

म्हणून माझे सांगणे एवढेच. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जे पान, जे गाणे, जे चित्र महत्त्वाचे वाटेल त्याची प्रत त्याच दिवशी घ्यावी. तारीख लिहावी. निर्मात्याची संमती घ्यावी. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचे नाव झाकावे. कोणी दाद दिली, कशा शिव्या पडल्या, कोणी पुसले, तेही लिहावे. प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात. मालकाच्या भिंतीवर आपला इतिहास लिहून तो टिकेल अशी आशा धरणे हा भाबडेपणा आहे. वही आपली हवी.