उताऱ्याचा अधिकार

टीकाकाराचा व्यवसाय दुसऱ्याच्या भांडवलावर चालतो, असे कोणी हिणवून म्हटले तर आम्हांस त्याचा राग येत नाही. कारण ते खरे आहे. कवी आपल्या शब्दांनिशी उभा राहतो, कादंबरीकार आपली माणसे आपणच निर्माण करतो. टीकाकाराला मात्र दुसऱ्याच्या पानावरील ओळी उचलल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. असे असता, या उचलण्याला मर्यादा कोणती, हा प्रश्न आपल्या वाङ्मयचर्चेत क्वचितच निघतो. तो वकिलांचा समजून बाजूस सारण्याची रीतच पडून गेली आहे. या रीतीचे परिणाम वकिलांना नव्हे, वाचकाला भोगावे लागतात.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला या प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी दूर जावयास नको. दौलताबादचा किल्ला शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत या किल्ल्यापाशी थांबले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाज्यापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. रमजानचा महिना होता. हौद बाटविला असा ओरडा करीत एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध धावत आला, पाहता पाहता गर्दी जमली, आणि अखेरीस किल्ला पाहावयास मिळाला तो सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्याखाली, आत कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही या अटीवर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या इंग्रजी आत्मकथनात बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या लेखनाचे वाङ्मयीन मोल आम्ही फार मोठे समजतो. शपथपत्र लिहावे तशी ही भाषा आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत, उद्गार नाहीत, आपल्या दुःखाचे प्रदर्शन नाही. कोण कोठे उभे होते, कोण काय बोलले, याचा हिशेब मात्र चोख. जमावाला त्यांनी विचारलेले प्रश्नही तसेच सरळ: तुमचा धर्म हेच शिकवितो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय? उत्तर कोणीच दिले नाही, एवढी नोंद करून लेखक पुढे जातो. त्या मौनावर एक शब्दही अधिक न खर्चण्याचा हा संयम आपल्या आत्मचरित्रकारांपैकी फार थोड्यांना साधला आहे.

हे मूळ शब्दांत दाखवावे की नाही? दाखवावयाचे तर किती? उत्तर पाहू गेल्यास वाचक चकित होईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ग्रंथस्वामित्व लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनाच्या वर्षानंतर ६० वर्षे टिकते. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपण्याच्या बेतात आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. बाबासाहेबांचे निधन ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणून त्यांच्या हयातीत छापलेले 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) किंवा 'हू वेअर द शूद्राज?' (१९४६) हे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. परंतु जे लेखन लेखकाच्या पश्चात प्रथम प्रकाशित होते, त्याची ६० वर्षे प्रकाशनाच्या वर्षापासून मोजावी लागतात. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मध्ये निघाला, तो एका वर्षाने, २०१८ च्या आरंभी, मोकळा झाला. 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये छापले, त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत. आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रथम प्रसिद्ध केले. तेव्हा दौलताबादच्या त्या चार पानांवरील हक्क २०५० च्या ३१ डिसेंबरपर्यंत अबाधित आहे. एकाच लेखकाचे ग्रंथ, एकाच फळीवर ठेवलेले. पण कोणास हात लावावा आणि कोणास लावू नये, हे प्रत्येकाच्या प्रथम प्रकाशनाच्या सालावर ठरते. नामविस्तारदिनी, १४ जानेवारीला, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पुस्तकांची दुकाने लागतात. तेथे दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका छापून आणणाऱ्याने हा हिशेब करावा अशी अपेक्षा करणे जड आहे. परंतु ज्ञान नसल्याने दायित्व टळत नाही, हेही खरे. (हौदाला हात लावण्याची बंदी आणि पुस्तकाला हात लावण्याची बंदी यांचा सांधा जोडण्याचा मोह येथे होतो. तो आम्ही आवरतो. माणसाच्या तहानेची आणि छापखान्याच्या हक्काची तुलना होऊ शकत नाही.)

आता टीकाकाराकडे वळू. कायद्याचे ५२ वे कलम त्याच्या बाजूने आहे. टीका किंवा परीक्षण करण्यासाठी दुसऱ्याच्या कृतीचा न्याय्य उपयोग केल्यास हक्काचा भंग होत नाही, असे ते स्पष्ट सांगते. आणि ही टीका त्याच कृतीवर असली पाहिजे असेही नाही. शिवाय घटना, कल्पना, विषय यांवर कोणाचीच मालकी नसते, शब्दयोजनेवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्थानी' या नाटकाच्या खटल्यात हे तत्त्व स्वच्छ मांडले. वर दौलताबादचा प्रसंग आम्ही आमच्या शब्दांत सांगितला, त्याला कोणाची अनुज्ञा लागली नाही. त्यातील चार वाक्ये मूळ रूपात देऊन त्यांची बांधणी उलगडून दाखविली असती, तरी लागली नसती. संपूर्ण प्रकरण एखाद्या जयंती अंकात छापून त्याखाली 'हृदयस्पर्शी' एवढा शेरा मारावयाचा असेल, तर मात्र ती टीका नव्हे. प्रकरण भाषांतरित करून छापले तरी सुटका नाही, कारण भाषांतराचा हक्कही मूळ हक्कदाराचाच. उलट, मुक्त झालेल्या ग्रंथाचे कोणी नवे भाषांतर केले किंवा त्यास टीपा जोडल्या, तर ते भाषांतर आणि त्या टीपा त्या माणसाच्या. मूळ ग्रंथ मोकळा झाला म्हणून कालचे मराठी भाषांतर उचलणे हा चुकीचा समज बराच पसरला आहे.

किती उतारा घेतला म्हणजे न्याय्य? ओळींची संख्या कायदा सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे तोप्पिल भासी यांच्या एका प्रसिद्ध नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी लिहिलेल्या प्रतिनाटकाचा वाद आला. मूळ नाटकातील पात्रे आणि बरेच संवाद त्यात होते. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: किती घेतले आणि त्याचे मोल काय, कशासाठी घेतले, आणि नवी कृती मूळ कृतीच्या बाजारात तिची जागा घेईल काय. प्रतिनाटक टीकेसाठीच लिहिले आहे, असे ठरून त्यास मनाई झाली नाही. आमच्याकडचे जुने उदाहरण याहून बोलके आहे. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' वर गांधीजींनी 'हरिजन' पत्रात आक्षेप घेतले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ते परिशिष्टात छापले आणि त्यांना उत्तर दिले. प्रतिपक्षाचे सगळे म्हणणे वाचकापुढे ठेवून मगच त्याचे खंडन करणे, ही अवतरणाची सर्वांत प्रामाणिक रीत होय. तेथे लांबी खटकत नाही, कारण उत्तराने प्रत्येक ओळीचा मोबदला दिलेला असतो.

मराठी रसग्रहणांत असा मोबदला बहुधा मिळत नाही. कवितेची पाऊण लांबी उतरवून घ्यावयाची, मध्ये 'किती समर्पक!' असा उद्गार घालावयाचा आणि लेख संपवावयाचा, हा प्रकार आपल्या नियतकालिकांत वर्षानुवर्षे चालला आहे. अशा लेखाने कवीचेही नुकसान होते, कारण वाचक मूळ पुस्तक विकत घेत नाही. याच्या उलट दुसरा दोष भित्रेपणाचा. ग्रंथाच्या दुसऱ्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' असे छापलेले पाहिले की आमचे काही संपादक परीक्षणातील अवतरणे गाळून टाकतात. मग परीक्षक 'लेखकाची शैली ओघवती आहे' म्हणतो आणि वाचकाने ते त्याच्या शब्दावर विश्वासून घ्यावे, अशी अपेक्षा राहते. प्रकाशकाच्या त्या तीन शब्दांनी कायद्याने दिलेली मुभा नाहीशी होत नाही. हा दुसरा दोष आम्ही पहिल्याहून अधिक वाईट समजतो; पुरावा न देता निकाल देण्याची सवय त्यातून लागते.

क्रमिक पुस्तके व अध्यापन यांविषयी थोडक्यात सांगतो. शिक्षणासाठी काढलेल्या संग्रहात हक्काखालील ग्रंथांतून छोटे उतारे घेता येतात, पण संग्रहाचा मोठा भाग मुक्त वाङ्मयाचा हवा. आणि एका प्रकाशकाला एका लेखकाचे पाच वर्षांत दोनच उतारे घेता येतात. वर्गात शिकविण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना यापेक्षा अधिक मोकळीक आहे. २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात तेथील उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या प्रयोजनास आवश्यक तेवढे घेण्यास आडकाठी नाही असे म्हटले. १९५८ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांना महागडे ग्रंथ परवडत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा निकाल लहान नाही.

मुदत संपलेल्या ग्रंथांविषयी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. ५७ व्या कलमाने लेखकाचे नाव आणि त्याच्या कृतीची अविकृतता यांना वेगळे संरक्षण दिले आहे. हक्क विकला तरी ते जात नाही. बाबासाहेबांचे मुक्त झालेले ग्रंथ आता कोणीही छापील. त्यांतील गैरसोयीची वाक्ये गाळून, गाळल्याची खूणही न ठेवता, 'संक्षिप्त आवृत्ती' काढणाऱ्याला आपल्या परीक्षकांनी मूळ ओळी समोर ठेवून जाब विचारावा. तेथे ५२ वे कलम त्यांच्या हाती आहेच. दौलताबादच्या चार पानांना मात्र हक्कदारांची अनुज्ञा घेऊन, किल्ल्याच्या आणि त्या काळच्या निजामी अंमलाच्या माहितीच्या टीपा जोडून, मराठीत एक स्वस्त आवृत्ती कोणी काढील तर ती २०५० ची वाट न पाहता शाळांतून वाचली जाईल.