जागवणाऱ्याला जागवायचे कोणी?

पहाट म्हटली की मराठी मनाला भूपाळी आठवते. तेथे देवाला जागवायचे असते. साहजिकच तिचा स्वर आर्जवाचा. पाश्चात्त्य संगीतात मात्र सकाळच्या गीतांची एक खट्याळ शाखाही आहे. अंथरूण न सोडणारा माणूस हाच तिचा नायक. अशी गीते केवळ करमणुकीची म्हणून बाजूला सारणे आम्हांला योग्य वाटत नाही. निरनिराळ्या शैलींतील तीन जुन्या गीतांचा येथे विचार करू.

पहिले, इंग्रजी बालवर्गांत शिकविले जाणारे ‘आर यू स्लीपिंग’. ते मूळचे अठराव्या शतकातील फ्रेंच गीत ‘फ्रेर जाक’, म्हणजे ‘बंधू याकोब’. इंग्रजी रूपांतरात घंटा वाजतच आहेत आणि हा मठवासी बंधू झोपला आहे. तो आळशी, एवढाच विनोद. मूळ गीतात मात्र प्रातःप्रार्थनेची घंटा वाजविण्यास त्यालाच सांगितले आहे. मठाला उठविण्याचे काम ज्याचे, तोच घोरत आहे! रूपांतराने हे मर्मच गमावले. या गीताचा घाटही अर्थपूर्ण आहे. गाणारे चार गट एकामागून एक तेच चरण उचलतात. एक गट अजून याकोबाच्या झोपेची चौकशी करीत असतो, तोच दुसऱ्याच्या मुखी घंटानाद सुरू होतो. याकोब उठला की नाही, हे गीत सांगत नाही. त्याच्या वाट्याची घंटा मात्र बाकीच्यांनी वाजविलेली असते.

दुसरे गीत अर्विंग बर्लिन यांचे. रात्री जागून गाणी रचणाऱ्या या संगीतकाराला १९१८ साली अमेरिकन सैन्यात भरती व्हावे लागले आणि न्यूयॉर्कजवळील कॅम्प अप्टन येथे पहाटेचा बिगूल त्यांच्या नशिबी आला. त्या जाचातून ‘ओ! हाउ आय हेट टू गेट अप इन द मॉर्निंग’ हे गीत जन्मले. चाल लष्करी संचलनाची आणि तीत बिगुलाची नक्कल. शिस्तीच्याच सुरांत शिस्तीची तक्रार! यातला शिपाई बिगूलवाल्याचा काटा काढण्याचे मनोरथ रचतो. एवढ्यावर न थांबता त्या बिगूलवाल्याला उठविणाऱ्याचाही समाचार घ्यायचे ठरवितो. तरीही बिगूल वाजताच तो उठतोच. स्तोत्रसंहितेत भक्त देवाजवळ तक्रार करतो, परंतु त्याला सोडून जात नाही. त्याच जातीची ही कुरकुर आहे. १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात बर्लिन यांनी हेच गीत जुना गणवेश घालून पुन्हा रंगमंचावर गाइले.

तिसरे, ‘गुड मॉर्निंग’. १९३९ च्या ‘बेब्ज इन आर्म्स’ या चित्रपटातील हे गीत १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये पुन्हा आले. केवळ शब्द पाहता तिघांत हेच फिके. त्यात अभिवादनापलीकडे फारसे काही नाही. पण १९५२ च्या प्रसंगाने त्याला अर्थ दिला. नव्या बोलपटाला प्रेक्षक नको तेथे हसले आहेत, नायक खचला आहे. दोन मित्र त्याच्यासह जागतात, मध्यरात्र उलटल्यावर मार्ग सापडतो आणि काळोखातच तिघे सुप्रभात म्हणत नाचू लागतात. येथे उठविण्याची गरजच उरत नाही, कारण खचलेल्याला कोणी एकटे झोपू दिलेले नाही.

नीतिसूत्रांचा ग्रंथही आळशाला हसतो. अंथरुणावर कूस बदलणाऱ्याला तो बिजागरीवर फिरणाऱ्या दाराची उपमा देतो. तथापि निव्वळ हसून कोणी उठत नाही. सगळ्या घराला उठविणारी आई असो की गावाला प्रार्थनेस बोलावणारा धर्मगुरू, जागवणाऱ्यालाही झोप येते, थकवा येतो. त्याला हसावे जरूर, पण त्याची घंटाही हाती घ्यावी. ‘बंधू याकोब’ला आम्ही तिघांत श्रेष्ठ मानतो, ते याचसाठी. गेथसेमनी बागेत पेत्रही झोपला होता. पुढे एका सकाळी, तिबिर्य सरोवराच्या काठी न्याहारी झाल्यावर, प्रभूने आपली मेंढरे त्याच्याच हाती सोपविली.