देवीचे ठाणे आणि अश्मयुगाची वाट

गोमंतकात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हा इंग्रजी ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मातृदेवतांच्या ठाण्यांवरील प्रकरण प्रत्येक महाजनाने वाचण्याजोगे आहे. पुण्याच्या आसमंतातील डोंगरवाटा पायी तुडवून कोसंबींनी अश्मयुगीन माणसाची नखाएवढी दगडी हत्यारे वेचली. शिकार व पशुपालन करीत हिंडणाऱ्या टोळ्यांच्या वाटा जेथे मिळत, तेथेच ही दैवते प्रथम पूजिली गेली, असा त्यांचा सिद्धांत आहे.

परिश्रम असामान्य खरे. परंतु एका जागी दोन वस्तू सापडल्या, एवढ्यानेच त्यांचा परस्परसंबंध शाबीत झाला असे कोणतेही न्यायालय मानणार नाही. जमिनीवर वेचलेले हत्यार आपला निश्चित काळ सांगत नाही. शिवाय पाणी, चारा व खिंड यांच्या सोयीने निरनिराळ्या युगांतील माणसे तीच जागा निवडणार. म्हणून वस्तीचे सातत्य मान्य केले, तरी उपासनेचे सातत्य हे अनुमानच उरते.

हे अनुमान तपासण्याचा पुरावा मात्र ठाण्याभोवतालच्या मातीतच आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ती माती उपसून आपण फरशी घालतो, तेव्हा निकालापूर्वीच साक्षीदार नाहीसा करतो. त्याने देवीचा महिमा वाढत नाही.