प्रयोगशाळेतलं प्रेम

अली हेझलवुड या टोपणनावाने लिहिणारी लेखिका स्वतः मेंदूविज्ञानातली पीएच.डी. तिच्या ‘द लव्ह हायपोथेसिस’मध्ये (२०२१) स्टॅनफर्डची संशोधक विद्यार्थिनी ऑलिव्ह आणि तुसडा प्राध्यापक अ‍ॅडम प्रेमाचं नाटक करतात, पुढचं वाचक ओळखतीलच! नायक साचेबद्ध, थेट मिल्स अँड बूनमधला. ऑलिव्हची धडपड मात्र खरी वाटते. आई ज्याने गेली त्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान लवकर व्हावं, यासाठी तिला दुसऱ्या प्रयोगशाळेत जागा हवी आहे. ती देऊ शकणारा माणूसच तिचा गैरफायदा घेऊ पाहतो, वर म्हणतो, तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? गाईडच्या मर्जीवर ज्यांची डिग्री आणि व्हिसा दोन्ही लटकले होते, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. मला प्रेमप्रसंगांपेक्षा हीच पानं भिडली. मुलींनी जरूर वाचावी; फक्त एक प्रकरण आजी-आजोबांसमोर मोठ्याने नको!